गळ्याची पट्टी

चार महिने पाऊस पिऊन जड झालेलं कापड अश्विन लागला की हलकं होतं. हे शिंप्याच्या हाताशिवाय कुणाला कळायचं कारण नाही. श्रावणात कात्री कापडात रुतते, खडूची रेघ उमटता उमटत नाही, आणि इस्त्री फिरवली की कपाटातला ओलसर वास उठून नाकात बसतो. मग एके दिवशी सकाळी दुकानाच्या फळ्या काढाव्यात, तर वारा बदललेला असतो. बंदराकडून सुक्या मासळीचा आणि मागच्या मळ्यांकडून पिकत आलेल्या भाताचा वास एकदमच आत येतो. त्या दिवशी कापड फाडलं तर ते सरळ, स्वच्छ आवाज करत फाटतं.

आणि त्या दिवशी मला दरवर्षी घुंगरं ऐकू येतात. दुकानात घुंगरं नाहीत. बाजारातल्या एखाद्या रिक्षाच्या आरशाला टांगलेलीही नसतात, मी बाहेर जाऊन पाहिलंय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अशाच एका अश्विनात आमच्या दुकानात एक निळा झगा शिवला गेला होता. त्याच्या घेराला लावलेली ती घुंगरं. झगा कधीच गेला, शिवणारे हातही गेले, पण किणकिण काही मालवण सोडायला तयार नाही.

हल्ली माझ्याकडे तारकर्लीच्या लॉजवाल्यांचे पडदे येतात, उशांचे अभ्रे येतात. एकाला सगळ्या पडद्यांवर डॉल्फिन हवे होते. शिवते. पोट आहे, मशीन आहे. बाबांची मशीन अजून तीच, फक्त पायडलऐवजी मोटर बसवलीय. भिंतीवरच्या खुंटीला बाबांचा पांढरा सदरा आहे. ते गेल्या माघात गेले, तेव्हापासून तो तिथेच. येणारं गिऱ्हाईक विचारतं, हा कुणाचा शिवून झालाय? मी म्हणते, आहे एकाचा, नेईल.

बाबांना सगळा बाजार भिवा टेलर म्हणायचा. मी शालू, त्यांची एकुलती मुलगी. आमचं घर मालवणपासून तीनेक मैलांवर, वाडीत. वाडीच्या वरच्या अंगाला देवीचं देऊळ. बाबा रोज सकाळी दुकानात जाताना देवळाशी थांबायचे, पण आत जायचे नाहीत. पायऱ्यांखाली ओवळाचं, म्हणजे बकुळीचं, झाड आहे, त्याच्या बुंध्याशी चपला काढायचे, तिथूनच हात जोडायचे आणि पुन्हा चपला घालायचे. इतकी वर्षं हे बघत आले की मला वाटायचं, सगळ्यांचे वडील असेच नमस्कार करतात.

त्याचं कारण मी होते. सात वर्षांची असताना मला ताप आला आणि तो महिनाभर उतरेना. बाबांनी देवीला नवस केला. मी उठून बसले, पेज मागितली, तेव्हा ते दुकानात गेले आणि हिरव्या खणाची लाल काठाची चोळी शिवायला बसले. नवसाला खण द्यायचा असतो हे त्यांना माहीत होतं. पण खण काय, कुणीही दुकानातून आणून देतं. पोर वाचली ती आपली, तर देवीला आपल्या हाताचं काही द्यावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. अशी चूक शिंपीच करू जाणे. देवीचं माप कुठून घेतलंत म्हणून मी मोठेपणी त्यांना चिडवलं होतं. तर म्हणाले, "तुज्या आवशीचा घेतलंय. आणि कोणाचा घेतलो असतंय?" म्हणजे माझ्या आईचं.

गुरवांनी ती चोळी ताटातून उचलून हळूच त्यांच्या हातात परत दिली. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "भिवा, राग मानू नको. देवीक खण जाता. सुई लागलेला कापड सोवळ्यात चलणा नाय रे."

आमच्याकडे तसंच आहे. दसऱ्याला देवाची तरंगं निघतात, म्हणजे उंच काठ्या, त्यांनाच देव मानायचं. त्यांना एकावर एक लुगडी नेसवतात, अशा काही निऱ्या घालून की बघत राहावं. पण टाका म्हणून एक नाही. गाभाऱ्यात जाणारा माणूस सदरा उतरवून जातो. जे विणकराकडून आलं तसंच्या तसं अंगाला गुंडाळायचं, त्यात माणसाने कात्री घालायची नाही, अशी त्यामागची भावना. ती मला कळते. तेव्हा बाबांनाही कळत होती. तरी ते म्हणाले, "माजी शिवण आत चलणा नाय, मगे मी तरी कित्याक आत जाव? सदरो भायर तर मी पण भायर." आणि ओवळाखाली उभे राहिले ते राहिलेच. चोळी डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत गेली. माझ्या तापापायी बाबांचं देऊळ सुटलं, ही गोष्ट मी लहानपणापासून पोटात घेऊन वावरत होते. कुणी मला तसं म्हटलं नव्हतं. म्हणायला कशाला हवं?

त्या अश्विनात इनास मास्तर दुकानात आले. मास्तर म्हणजे आमच्या हायस्कुलातले मराठीचे निवृत्त शिक्षक, चर्चच्या वाटेवर त्यांचं घर. उंच, वाकलेले, पांढरी दाढी. वर्गात शुद्ध मराठी, बाजारात शुद्ध मालवणी.

"भिवा, माका एक झगो होयो," ते म्हणाले.

"कोणाक?"

"माकाच. पण तो माजो नाय."

झालं होतं असं की चर्चच्या फेस्ताला, म्हणजे वर्षाच्या सणाला, मास्तर दरवर्षी पोरांकडून धर्मग्रंथातला एखादा प्रसंग बसवून घेत. सोनेरी कागद, पुठ्ठे, खळ. यंदा त्यांनी स्वतःच उभं राहायचं ठरवलं होतं, प्राचीन इस्राएल लोकांचा महायाजक म्हणून. "म्हंजे तेंच्या गुरवांचो गुरव, असा समज," त्यांनी बाबांना सांगितलं. हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट. ते लोक वाळवंटातून चालले होते आणि त्यांचं देऊळसुद्धा तंबूचं होतं. आयुष्यभर मास्तर त्या महायाजकाच्या वस्त्रांबद्दल वाचत आले होते. आता एकदा, पुठ्ठ्याची नव्हे, खऱ्या कापडाची बघायची होती. त्यांनी शाळेच्या वहीत सगळं वर्णन सुवाच्य अक्षरात उतरवून आणलं होतं.

दुपारी बाजार झोपतो. मासळीवाल्या उठून गेलेल्या असतात, एसटी स्टँडवरून एखादा हॉर्न येतो आणि विरून जातो. अशा वेळी मास्तर बाकावर बसून वाचायचे, बाबा मशीनवर आणि मी खाली काजं करत. तलम सणाचा, म्हणजे जवसाच्या धाग्याचा, चौकड्यांचा अंगरखा. त्यावर निळा झगा. त्यावर एफोद, म्हणजे खांद्यांवरून येणारं, कमरेला बांधायचं आखूड वस्त्र, सोन्याच्या तारेचं आणि निळ्या, जांभळ्या, किरमिजी सुताचं. छातीवर ऊरपट. डोक्याला मंदिल, आणि मंदिलावर कपाळाशी निळ्या फितीने बांधलेली सोन्याची पट्टी, परमेश्वरासाठी पवित्र अशी अक्षरं कोरलेली. मास्तरांचा आवाज जाडसर, ऐकता ऐकता डोळे जड व्हायचे. मला तो वाळवंटातला तंबू आमच्या वाडीच्या मळ्यात उभा दिसायचा, पिवळ्या भाताच्या मधोमध.

बाबा आपले ऐकत होते आणि काम करत होते. ऊरपट वीतभर लांब आणि वीतभर रुंद, दुहेरी, असं आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "वीत कोणाची?" मास्तर हसले. मग निळ्या झग्याचं माप आलं.

"गळो कसो?" बाबांनी विचारलं.

मास्तरांनी वहीत बोट ठेवलं. "मधोमध डोकं घालायला भोक. आणि भोकाच्या सभोवार विणलेली पट्टी. झगा फाटू नये म्हणून."

मशीन थांबली.

"ह्यां कोणी सांगल्यान?"

"देवान."

"खुद्द देवान?"

"खुद्द."

"गळ्याची पट्टी?" बाबा म्हणाले. "फाटात म्हणान?"

कपडा पहिल्यांदा गळ्याशीच फाटतो. घाईत डोकं घालताना फाटतो. हे शिंप्याला ठाऊक असतं आणि बाईला ठाऊक असतं. घालणाऱ्याला कधीच नसतं. देवाला ते ठाऊक असावं, याचं बाबांना इतकं नवल वाटलं की ते बराच वेळ हातातल्या सदऱ्याची गळपट्टी बोटांनी चाचपत बसले. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमच्या देवाक शिवलेला चलता?"

"चलता काय इचारतस रे? तेणा मागान घेतल्यान." आणि मास्तरांनी पुढचं समजावून सांगितलं, की ज्यांच्या हातात कसब आहे त्यांना हे काम द्या, ते शहाणपण मीच त्यांच्यात घातलंय, असंही तो देव म्हणाला होता.

बाबा उठून पाणी प्यायला मागे गेले. ते लवकर परत आले नाहीत. माठ कोरडा होता, मला माहीत होतं. सकाळी मी भरायचा विसरले होते. मी काजाकडे बघत राहिले आणि मला रडू आलं.

त्यानंतरचे दिवस मला नीट वेगळे काढून आठवत नाहीत. ते एकात एक मिसळलेत. दारात झेंडूचे ढीग, पोफळीच्या दांडीवर वाळत घातलेला निळा तागा, चार वाजताचं मधासारखं ऊन, आणि मास्तरांचं वाचन. पण त्या कपड्यांचा अर्थ लागत गेला तो लख्ख आठवतो.

मला आधी वाटलं होतं, हा सगळा थाट. मोठा पुजारी, मोठा पोशाख. मास्तर म्हणाले, तसं नाही. ते कपडे घातल्यावर त्यात तो माणूस उरतच नाही. त्याची उंची, त्याचं रूप, त्याची भांडणं, सगळं झाकलं जातं. आणि वर काय दिसतं? दोन्ही खांद्यांवर एकेक रत्न, प्रत्येकावर सहा नावं. छातीवरच्या ऊरपटात तीन-तीनच्या चार ओळी, बारा रत्नं, बारा नावं. इस्राएलच्या बारा वंशांची. तो आत जातो तो आपल्यासाठी जातच नाही, बाराही जणांना खांद्यावर उचलून आणि काळजाशी धरून जातो.

बाबांनी दोऱ्याचं टोक दातात धरलेलं होतं. ते काढून म्हणाले, "म्हंजे गाऱ्हाणाच की ह्यां!"

आमच्या देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा बारा-पाचाच्या देवा म्हाराजा अशी हाक मारून सगळ्या गावाच्या वतीने मागतात, आणि मागे उभे असलेले व्हय म्हाराजा म्हणतात. एकट्याचं काही नसतं. आम्ही ते तोंडाने बोलतो, त्यांनी ते छातीवर शिवलं होतं. मास्तरांनी वहीच्या समासात काहीतरी लिहून ठेवलं. चाळीस वर्षं शिकवलेला माणूस विद्यार्थ्यासारखा लिहीत होता.

बारा रत्नं आणायची कुठून? बाबांनी बटणांचा डबा ओतला. पण डब्यातली कोरी बटणं त्यांना नको होती. नावं लिहिता येत नाहीत तर निदान माणसं तरी खरी हवीत, असं त्यांचं म्हणणं. मग दुरुस्तीला आलेल्या कपड्यांचं एकेक बटण उतरलं आणि तिथे नवं लागलं. रापणीचं जाळं ओढणाऱ्याच्या सदऱ्याचं, हसनचाचांच्या शेरवानीचं, पोस्टमनच्या खाकीचं, शाळेच्या बाईंच्या ब्लाऊजचं. बारावं लावायला घेतलं तेव्हा मी पाहिलं, समोर गुरवांचा सदरा होता.

"बाबा, हेंचा पण?"

"मगे? तेका भायर ठेवू?" बाबा म्हणाले. "बारातलो तो पण एक. आणि भायर ऱ्हवाचा म्हंजे काय ता माका म्हायत आसा गो."

घेराला सुती डाळिंबं आली, आत सावरीचा कापूस भरलेली, आणि दोन डाळिंबांच्या मध्ये एक घुंगरू. महायाजक पवित्र स्थानात जाता-येताना त्यांचा आवाज यायला हवा, नाहीतर तो जिवाला मुकेल, असं वहीत होतं. मी म्हटलं, देवाला चाहूल लागायला का? मास्तर म्हणाले, कुणी काही सांगतं, कुणी काही. पण मला वाटतं बाहेर थांबलेल्यांसाठीही असेल. ज्यांना आत जाता येत नाही त्यांना कळावं, आपला माणूस आत आहे, चालतोय. बाबांनी मान खाली घातली आणि टाका मारला.

दोन गोष्टी मास्तरांनी अगदी शेवटी सांगितल्या. एक अशी, की वर्षातून एकदा, सगळ्यांच्या पापांची क्षमा मागायच्या दिवशी, तो महायाजक सोनं, रत्नं, घुंगरं सगळं उतरवून साध्या पांढऱ्या सणाच्या कपड्यांत अगदी आतल्या खोलीत जायचा. "थंय सोन्याचा काय काम?" मास्तर म्हणाले. दुसरी अशी, की पुढे दगडी मंदिर झालं, तेव्हा याजकांचे जुने झालेले कपडे कुणी फेकत नसे. फाडून त्यांच्या दिव्यांना वाती करत.

"वाती?" बाबांनी विचारलं. "शिवलेल्या कपड्याचे?"

"शिवलेल्याच."

फेस्ताच्या संध्याकाळी आम्ही चर्चच्या आवारात माडाखाली उभे होतो. मास्तर अनवाणी आले. वहीत पादत्राणांचा उल्लेख नव्हता, म्हणून त्यांनी घातली नाहीत. वाकलेला माणूस त्या वस्त्रांत सरळ झाला होता. समुद्राकडून वारा आला, झगा हलला, आणि पोरांचा गलबला थांबून फक्त किणकिण ऐकू आली. मी बाबांकडे पाहिलं. ते झगा बघतच नव्हते. ते फक्त मास्तरांच्या गळ्याकडे बघत होते, पट्टी नीट बसलीय का ते.

दसऱ्याला आमच्या वाडीत तरंगांपुढे दिवटी असते, जाड काठीची मशाल. तिला गुंडाळायला घराघरांतून धुतलेलं जुनेर देतात, कुणाचं धोतर, कुणाची चादर, कुणाचं काय. त्या वर्षी दुपारी बाबांनी ट्रंक उघडली. हिरवी चोळी बाहेर काढली, धुतली, वाळवली. मग कात्री बाजूला ठेवून दोन्ही हातांनी फाडली. मी ओरडलेच. ते म्हणाले, "गो, चोळी जायत नाय. वात जाता."

तिन्हीसांजेला ते चिंध्या घेऊन देवळाशी गेले. गुरवांनी लाल काठ ओळखला. मग त्यांनी ती पट्टी सगळ्यांत वर गुंडाळली, तेल ओतलं, आणि दिवटी पेटवून बाबांच्याच हातात दिली. "चल, भिवा," एवढंच म्हणाले. बाबा ओवळाखाली चपला काढून पायऱ्या चढले. दिवटी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी थांबते, पुढे नेत नाहीत. पण उजेड आत जातो. देवीच्या चेहऱ्यावर तो पडलेला मी मागून पाहिला, आणि सात वर्षांची असताना उतरलेला तो ताप मला त्या संध्याकाळी खरा उतरल्यासारखा वाटला. घरी आलो तेव्हा दारावर भाताच्या लोंब्यांचं तोरण होतं आणि बाबांच्या हाताला तेलाचा वास.

त्यानंतर दरवर्षी दिवटीला आमच्या घरची चिंधी जाते. इनास मास्तर पुढे मुलीकडे गोव्याला गेले, तिथेच वारले. झगा चर्चमध्ये काही वर्षं होता, मग खाऱ्या हवेने विरला. त्याच्या वाती झाल्या की नाही, मला माहीत नाही. झाल्या असाव्यात.

आज दसरा. पहाटे उठून मी खुंटीवरचा पांढरा सदरा काढला. बाबांनी स्वतः शिवलेला, धुऊन धुऊन मऊ झालेला. आज दिवटीला दुसरं काही द्यावं असं वाटेना. दुपारी दुकानाचं दार अर्धं लोटून फाडायला बसले. बाही सरळ गेली. पाठ एका झटक्यात गेली. मी पटपट फाडत होते, थांबले असते तर जमलं नसतं. शेवटी गळा उरला. तो फाटेना. मी पट्टी दोन्ही हातांत धरून ओढली, गुडघा लावून ओढली, दाताने टाका सैल करून पाहिला. काही केल्या फाटेना. आतून दुहेरी घालून, ज्याला कुणी बघणार नाही अशा ठिकाणी, बाबांनी तिला बारीक हातशिलाई मारलेली होती. मी ती तोंडाशी धरून बसले आणि मोठ्याने रडले. माघात मला असं रडता आलं नव्हतं.

कात्री जवळच होती. मी ती घेतली नाही.

तिन्हीसांजेला गुरवांच्या हातात चिंध्या दिल्या. आता गुरव म्हणजे त्यांचा मुलगा. ती अख्खी पट्टी बघून तो थबकला. "शालूताय, ह्यां शिवलेला आसा. असाच लावू?"

"लाव," मी म्हटलं. "वरसून बांध. सुटाची नाय."

त्याने ती सगळ्यांवरून गुंडाळून गाठ मारली. दिवटी पायऱ्या चढून गेली, मागोमाग मी. ओवळाखाली चपलांचा ढीग होता. उंबऱ्याशी ती थांबली, उजेड आत गेला. बाकीच्या चिंध्या जळून गळून पडल्या तरी ती पट्टी मशालीच्या काठीला बराच वेळ धरून होती, गोल, जशी बाबांच्या गळ्याशी असायची. मागून कुणीतरी गाऱ्हाणं सुरू केलं. व्हय म्हाराजा म्हणताना माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.